मापात पाप

आमचे अब्बा बत्तीस वर्षं तोलणार होते. आधी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणि शेवटची काही वर्षं मांजरीच्या उपबाजारात. शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचा पैसा यांच्या मधोमध काटा धरून जो उभा असतो, तो तोलणार. दोघांनाही त्याचा संशय येतो आणि दोघांचंही त्याच्यावाचून चालत नाही. अब्बा घरी दखनी बोलतात, पण बाजाराबद्दल बोलायचं झालं की मराठीत येतात. 'मापात पाप नको' हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय, की त्याचा अर्थ काय हे विचारायची गरज कधी वाटलीच नाही. तो अर्थ मला गेल्या वर्षी कळला, आणि तोही भाजीच्या बाजारात नाही, तर सर्व्हर भाड्याने घेताना.

या ब्लॉगच्या काही वाचकांना ठाऊक आहे, की आम्ही चार-पाच मित्र जुनी मुस्लिम मराठी पुस्तकं आणि अंक स्कॅन करून एका संकेतस्थळावर ठेवतो. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच्या आगेमागे लिहिलं गेलेलं बरंचसं साहित्य छोट्या नियतकालिकांत, स्मरणिकांत, पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांत विखुरलेलं आहे. मोठ्या ग्रंथालयांत ते क्वचित सापडतं. ज्यांच्या कपाटात आहे ती माणसं थकली आहेत. अशाच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या निधनानंतर घरच्यांनी घर बदललं आणि दोन कपाटं रद्दीत गेली. आम्हाला कळलं तोवर चार दिवस झाले होते. त्यानंतर आम्ही स्कॅनर घेतला. ज्यांचे लेखक-वारस परवानगी देतात ती पुस्तकं, आणि लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं उलटल्याने कायद्याने खुली झालेली पुस्तकं, एवढंच आम्ही ठेवतो.

वीस जण महिन्याला दोनशे रुपये देतात. म्हणजे चार हजार. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, एक रिक्षावाले आहेत, कुवेतला असलेला माझा आतेभाऊ आहे. मी मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत सिस्टिमचं काम करतो, म्हणून सर्व्हरचं खातं साहजिकच माझ्याकडे आलं. अलीकडे अनेक वाचनालयं आणि छोट्या संस्था विचारतात, 'तुम्ही कुठला सर्व्हर घेतलाय? स्वस्तातला चांगला कुठला?' त्यांना उत्तर म्हणून हा लेख लिहितो आहे. उत्तर देताना माझी चूकही सांगावी लागेल, कारण तिच्याशिवाय ते पुरं होत नाही.

डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे दूरच्या एखाद्या इमारतीत ठेवलेला, फक्त आपल्यासाठी चालणारा अख्खा संगणक. युरोपात जुने, चार-पाच वर्षं वापरलेले असे संगणक बरेच स्वस्त मिळतात. माझ्यापुढे तीन पर्याय होते. एक जर्मनीतला: चार-चार टीबीच्या दोन डिस्क, एक गिगाबिटचा पोर्ट, महिना साधारण चार हजार. दुसरा फ्रान्समधला: दोन टीबीची एकच डिस्क, शंभर मेगाबिटचा पोर्ट, दीड हजार. तिसरा मुंबईतला: शंभर मेगाबिटच, पण नऊ हजारांच्या वर. मी जर्मनीचा घेतला. लावला, त्याच इमारतीतल्या चाचणी सर्व्हरशी जोडून वेग मोजला. सेकंदाला ९४० मेगाबिट! एक गिगाबिटच्या पोर्टवर यापेक्षा जास्त येतच नाही. तो आकडा मी आमच्या गटावर टाकला आणि खाली लिहिलं, 'तुमच्या पैशांचं चीज झालं.' सगळ्यांनी अभिनंदन केलं.

दोन महिन्यांनी मंडणगड तालुक्यातून एका मुलीचा फोन आला. एम.ए.ला आहे, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांवर प्रबंधिका लिहिते. तिला आमच्याकडचा एक जुना अंक हवा होता. ती म्हणाली, "सर, फाईल सत्तर टक्क्यांवर थांबते आणि परत पहिल्यापासून सुरू होते. तीन दिवसांत माझा अर्धा जीबी गेला. रेंजसाठी मी वरच्या आळीत जाऊन बसते. तुमच्याकडे काही होईल का?"

मी तिला पहिलं उत्तर जे दिलं, त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "आमचा सर्व्हर तर गिगाबिटचा आहे. तुमच्या रेंजचा प्रॉब्लेम असेल."

फोन ठेवला. अब्बा ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं. सर्व्हर म्हणजे काय हे त्यांना ढोबळ माहीत आहे, माल ठेवायची वखार एवढं. त्यांनी एकच विचारलं, "काटा किधर रख्या था?"

मला कळलं नाही. मग त्यांनी मराठीत समजावलं. शिरूरहून टोमॅटोची गाडी निघते. निघताना वजन केलेलं असतं. वाटेत ऊन लागतं, माल सुकतो, खालचा दबतो. बाजारात उतरवल्यावर वजन भरतं ते कमी. याला घट म्हणतात. पैसे कुठल्या वजनाचे द्यायचे? उतरल्यावरच्या. "गाडीत असताना भरलेलं वजन कुणाच्या पाटीत पडत नाही," अब्बा म्हणाले. "तू काटा वखारीत लावलास. त्या पोरीच्या दारात लावला का?"

नव्हता लावला.

त्या रात्री मी पुन्हा मोजायला बसलो. अब्बांच्या बाजारातला दुसरा नियम असा, की माल ठेवण्याआधी रिकामा काटा बघायचा. दोन्ही पारडी समान आहेत की कुठे पासंग आहे, ते तपासायचं. म्हणून आधी माझीच लाईन तपासली. मांजरीत आमच्या घरी स्थानिक केबलवाल्याचं शंभर मेगाबिटचं फायबर आहे. लॅपटॉप वायफायवरून काढून तारेने जोडला, घरातले सगळे फोन बंद केले. मुंबईच्या एका सर्व्हरला पिंग केलं तर पाच मिलिसेकंद. म्हणजे हाक मारून ओ यायला सेकंदाचा दोनशेवा भाग. फ्रान्सला १३५. आमच्या जर्मनीच्या सर्व्हरला १४२.

हा फरक पोर्टचा नाही, अंतराचा आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून निघालेली केबल अरबी समुद्रातून लाल समुद्रात शिरते, इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्रात उतरते आणि मग युरोपला लागते. जर्मनीपर्यंत वाट दहा-बारा हजार किलोमीटरची. जाऊन-येऊन वीस-चोवीस हजार. म्हणजे शंभर ते एकशेवीस मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचे. कितीही पैसे मोजले तरी हे कमी होत नाहीत.

नकाशावर ही वाट बघताना मला आजोबा आठवले. ते मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. जहाजाने हाजी नेणं १९९५ साली बंद झालं, तोवर हीच वाट होती: मुंबई, अरबी समुद्र, एडनचा कोपरा, मग जेद्दाह. आठवडाभराचा प्रवास. मांजरीतून जर्मनीला जाणारं आमचं पॅकेट पण त्याच पाण्याखालून जातं. यातल्या काही केबली तर जेद्दाहलाच किनाऱ्याला लागतात. आणि वाट जशी एक, तशी तिची जोखीमही एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाल समुद्रात काही केबली तुटल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ पुन्हा तुटल्या. दोन्ही वेळा आशिया आणि युरोपमधली वाहतूक लांबच्या वळणाने न्यावी लागली.

आता कुणी म्हणेल, हाक पोचायला वेळ लागला तरी रुंद रस्त्याने माल तर भरपूर येईल ना? मलाही तेच वाटायचं. पण इंटरनेटवर माल पाठवायची रीत वेगळी आहे. पाठवणारा थोडा माल पाठवतो आणि पोच यायची वाट बघतो. पोच आली की पुढचा. समजा पोच न येता एका वेळी ६४ केबीच पाठवायची मुभा आहे आणि पोच यायला १५० मिलिसेकंद लागतात. मग वेग सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या वर जाऊच शकत नाही, पोर्ट एक गिगाबिटचा असो की दहा. आजचे सर्व्हर ही मुभा हळूहळू वाढवत नेतात, पण वाटेत एखादं पॅकेट हरवलं की हात आखडता घेतात. वाट जितकी लांब, तितका पुन्हा वेग धरायला वेळ. आमच्या लहानपणी मांजरीचं रेल्वे फाटक पडलं की सोलापूर रोड कितीही रुंद असून उपयोग नसायचा, तसंच.

मी रात्री नऊला आणि पहाटे दोनला, दोन्ही वेळा मोजलं. एकदाच मोजणं हीसुद्धा चलाखीच, कारण गर्दीच्या वेळचा भाव वेगळा असतो. जर्मनीहून एकच फाईल उतरवताना रात्री नऊला २२ मेगाबिट, पहाटे ६०. मुंबईहून दोन्ही वेळा ९०च्या पुढे. मी गटावर ज्या ९४०ची मिठाई वाटली होती, त्यातले मांजरीत ऐन वेळी बावीस पोचत होते.

मग आठ जणांना सांगितलं, तीच फाईल तुमच्या फोनवर उघडा आणि घड्याळ लावून वेळ कळवा. सोलापूर, मालेगाव, कुवेत आणि मंडणगड. तीन ठिकाणी तीच फाईल ठेवली. फ्रान्समधला स्वस्त सर्व्हर आणि मुंबईतला एक छोटा, भागीतला सर्व्हर महिन्यापुरते भाड्याने घेतले, ते पैसे माझ्या खिशातून. सोलापूर आणि मालेगावला मुंबई सरळ पुढे. कुवेतच्या आतेभावाला मुंबई आणि जर्मनी जवळजवळ सारखीच. फ्रान्सचा शंभर मेगाबिटचा पोर्ट आणि जर्मनीचा हजारचा, यांत आठांपैकी एकालाही फरक कळला नाही. अडीच हजार रुपये जास्त मोजून घेतलेला तो पोर्ट वाचकाच्या पाटीत पडलाच नव्हता.

मंडणगडचे आकडे मात्र वेगळंच सांगत होते. तिथे मुंबईहूनही वेग सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपासच. ३८ एमबीच्या फाईलला पाच मिनिटं. म्हणजे रेंजचा प्रॉब्लेम आहे हे माझं म्हणणं अर्धं खरं होतं. पण पाच मिनिटांत रेंज गेली तर फाईल पहिल्यापासून का सुरू व्हावी? तो दोष रेंजचा नव्हता. किती वेळा उतरवली हे मोजायला मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती आणि सगळ्या फाईली तिच्यातून जात होत्या. 'सत्तर टक्के मिळालंय, पुढचं तेवढं दे' असं फोन विचारतो, पण माझी स्क्रिप्ट ते ऐकूनच घेत नव्हती. दर वेळी पहिल्या पानापासून सुरुवात. माझ्या घरी तीच फाईल पंधरा सेकंदांत उतरायची, म्हणून मला हे कधी दिसलं नाही.

कुरआनात मापात कमी देणाऱ्यांच्या नावाने एक अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. स्वतः घेताना माप पुरं भरून घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी देतात, अशांबद्दल ती बोलते. मी ती लहानपणी पाठ केली होती आणि ती भेसळवाल्या वाण्याबद्दल आहे असंच समजत होतो. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, की फायबरवर बसून स्वतःसाठी पुरं माप घेणारा आणि मंडणगडच्या मुलीला 'रेंज नाही' म्हणणारा माणूस त्यातून सुटत नाही. माझी नियत वाईट नव्हती. पण तिचा अर्धा जीबी गेला तो गेलाच.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. स्क्रिप्ट काढून टाकली. फाईली थेट वेबसर्व्हरने द्यायच्या. त्याला अर्ध्यावरून पुढे देणं मुळातच येतं. मग फाईली हलक्या केल्या. ए-फोर आकाराचं रंगीत पान तीनशे डीपीआयने स्कॅन केलं की मूळ फाईल सुमारे २६ एमबीची होते, दोनशे पानांचं पुस्तक पाच जीबीच्या वर. हे मूळ स्कॅन जपायलाच हवेत, पण वाचायला ते लागत नाहीत. वाचायची प्रत करड्या छटेत, नीट दाबून केली तर ३८ची फाईल ९ एमबीवर आली आणि अक्षर तितकंच स्वच्छ. सर्व्हरवर गूगलच्या लोकांनी २०१६ मध्ये आणलेली बीबीआर ही रीत सुरू केली. एखादं पॅकेट हरवलं म्हणून ती लगेच हात आखडत नाही. सेटिंगच्या दोन ओळी, फुकट. जर्मनीहून रात्री नऊचे बावीस होते, ते पन्नासच्या घरात गेले.

सगळ्या प्रती हलक्या केल्यावर एक बेरीज केली. आमच्याकडे १४० पुस्तकं-अंक आहेत. वाचकांना द्यायचा सगळा ऐवज दीड जीबीसुद्धा नाही. तो एका जुन्या पेनड्राईव्हवर मावतो. त्यासाठी मी आठ टीबी आणि एक गिगाबिट भाड्याने घेतलं होतं. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "उसाच्या ट्रकचा काटा कोथिंबिरीच्या जुडीला लावलास."

आता आमची व्यवस्था अशी आहे. वाचायच्या प्रती मुंबईतल्या त्या छोट्या भागीतल्या सर्व्हरवर, महिना बाराशे. मूळ जड स्कॅन फ्रान्समधल्या दीड हजाराच्या सर्व्हरवर. तिथे वाट लांब असली तरी बिघडत नाही, कारण ते आम्हीच रात्री पाठवतो. उरलेल्या तेराशेतून बाहेरची हार्ड डिस्क घेतली. ती सोलापूरला एका निवृत्त ग्रंथपालांच्या कपाटात असते आणि दर तीन महिन्यांनी नवी प्रत घेऊन येते-जाते.

ही तिसरी प्रत का, तेही सांगतो, कारण स्वस्त सर्व्हर घेणारे इथेच फसतात. जर्मनीच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या आणि एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटत होतं. मी त्यालाच बॅकअप समजत होतो. पण चुकून पुसलेलंही दुसरीवर तितक्याच इमानदारीने पुसलं जातं. तसा एका अंकाचा तीन आठवड्यांचा स्कॅन माझ्याच हातून गेला. शिवाय डिस्क जुन्या असतात. सर्व्हर हातात आल्या आल्या त्या किती तास चालल्यात ते विचारून घ्यावं. एकीने ४१,००० तास सांगितले, म्हणजे पावणेपाच वर्षं दिवसरात्र. आणि इमारतीचाही भरवसा नसतो. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली. माणूस कुणी दगावला नाही, पण ज्यांचा बॅकअप त्याच इमारतीत होता त्यांची दोन्ही गेली.

मांडणीचं म्हणाल तर अवघड काही नाही, फक्त क्रम पाळावा. आधी किल्लीने प्रवेश सुरू करावा, तो चालतो हे पाहावं, मगच पासवर्ड बंद करावा. नवा सर्व्हर चालू झाल्यावर तासाभरात जगभरातून शेकडो जण त्याचं दार ढकलून बघतात. त्यांना तुमच्याशी वैर नसतं, ते सगळीच दारं ढकलतात. फायरवॉल लावताना स्वतःचा रस्ता आधी मोकळा ठेवावा. मी एका गुरुवारी, दिवसभराची गेलेली लाईट आल्यावर घाईघाईने नियम लिहिले आणि स्वतःलाच बाहेर ठेवून कुलूप लावलं. स्वस्त सर्व्हरला पडदा-कीबोर्ड दुरून जोडायची सोय बहुधा नसते. बचावाची वेगळी प्रणाली चालू करून आत शिरेपर्यंत रात्रीचे दोन वाजले.

गटावर मी हे सगळं लिहिलं. ९४०चा आकडा चुकीच्या जागी मोजला होता, आणि काही महिने तुमचे दरमहा अडीच हजार गरज नसताना गेले, हेही. कुणी रागावलं नाही. रिक्षावाले म्हणाले, "मीटर आम्हालापण दर वर्षी तपासून घ्यावा लागतो."

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक जण सोलापुरातून, एक जण मालेगावातून आणि ती मुलगी मंडणगडातून एक फाईल उतरवते आणि वेळ कळवते. ते आकडे आम्ही जमाखर्चाच्या शेजारीच मांडतो. तिचा अंक उतरला, प्रबंधिका अजून चालू आहे. गेल्या महिन्यात तिने वेळेच्या पुढे लिहिलं होतं: 'पाऊस. दोनदा तुटली. सत्तरवरून पुढे आली.' पावसात जाणाऱ्या रेंजवर माझ्याकडे उपाय नाही. तो टॉवर माझ्या हातात नाही.